पायरी आणि उतार

नीरेच्या खोऱ्यातील उत्रोली हे भोर तालुक्यातील एक गाव. अशा गावी लोकांच्या नित्य वापराच्या वास्तू त्या किती असणार! देऊळ, शाळा, ग्रामपंचायतीची कचेरी, स्वस्त धान्याचे दुकान. आणि त्याहून मोठे काम निघाले म्हणजे भोरची तहसील कचेरी, सरकारी दवाखाना, बँक आणि एस.टी.चे स्थानक. मावळातील खेड्याचा संसार एवढ्या वास्तूंच्या आधाराने चालतो. या वास्तू एकमेकींहून कितीही भिन्न असल्या तरी एक गोष्ट बहुधा सर्वांना समान असते. जमिनीवरून आत पाऊल टाकण्यापूर्वी एक, दोन किंवा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. धडधाकट मनुष्याच्या ते ध्यानातही येत नाही. परंतु ज्याचे पाय कामातून गेले आणि जो चाकाच्या खुर्चीवर बसून हिंडतो, त्याच्या दृष्टीने वीतभर उंचीची ती पायरी आणि रायगडाचा कडा यांत फारसे अंतर उरत नाही. दोन्ही त्याला सारखेच अगम्य.

या पायरीलाही एक इतिहास आहे. राजांच्या स्वाऱ्या आणि तहनामे यांच्या गर्दीत तो कोणी लिहून ठेवलेला नाही. पण समाज कोणाला आपल्यात धरतो आणि कोणाला नकळत बाहेर ठेवतो, हे त्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून दिसेल.

प्रथम पायरीची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल, कारण ती दुष्टपणाने घातलेली नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस मुसळधार पडतो. आषाढ-श्रावणात अंगणातून पाण्याचे लोट वाहतात. घर कोरडे राहावे, भिंतीचा पाया खचू नये आणि साप-किरडू आत शिरू नये, म्हणून काळ्या पाषाणाचे जोते उंच बांधावयाचे आणि त्यावर घर उभे करावयाचे, ही येथील पिढ्यानुपिढ्यांची रीत. जोते आले की पायरी आलीच. पुढे जोत्याची उंची ही प्रतिष्ठेचीही खूण झाली. गरिबाचे जोते गुडघ्याएवढे, तर वाड्याचे कमरेएवढे. देवालयाचे स्थान तर सर्वांहून उंच. कारण देवाकडे जाणे म्हणजे चढणे, ही भावना रूढ होती. शेवटी दारात उंबरठा. त्याची पूजा होई, नवी सून त्यावरील माप ओलांडून घरात येई. अशा रीतीने पायरी आणि उंबरठा हे पावसाच्या गरजेतून जन्मले आणि आचारधर्मात मुरले. जी वस्तू आचारधर्मात मुरते तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही.

मग ज्यांना चालता येत नसे त्यांचे काय होई? उत्तर सरळ आहे. ज्यांच्यापाशी सत्ता अथवा संपत्ती होती, त्यांच्यासाठी दुसऱ्यांचे खांदे होते. पालखी, मेणा आणि डोली ही ती साधने. चार भोई दिमतीला असले की गडाचा दरवाजा काय आणि देवळाची पायरी काय, सारखीच सुगम. पेशवाईत पालखीचा मान मिळणे ही मोठी पदवी समजत असत. वृद्ध सरदार अथवा आजारी कारभारी पालखीतून कामावर जाई, त्यात कोणाला नवल वाटत नसे. परंतु गरिबाला डोली कोठली? त्याला मुलाच्या पाठुंगळीस बसून जावे लागे, नाहीतर ओटीवरच दिवस काढावे लागत. सामर्थ्य पायांत नसले तरी खजिन्यात असेल तर दार उघडे. दोन्हीकडे नसेल तर दार मिटलेले, असा तो व्यवहार होता.

याचा अर्थ जुन्या महाराष्ट्राला अपंगांची कणव नव्हती असा मात्र नव्हे. १६५९ साली प्रतापगडच्या पायथ्याशी अफजलखानाचे सैन्य मोडले. भोरनजीकच्या कारीचे कान्होजी जेधे, रोहिड खोऱ्याचे देशमुख, या प्रसंगी शिवाजी महाराजांच्या बाजूस उभे राहिले होते. त्या लढाईनंतर जखमी झालेल्या लोकांना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम देण्यात आली, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. जखम पाहून मोबदला ठरवावयाचा, हे तत्त्व आजच्या काळालाही शोभण्याजोगे आहे. तथापि या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. राज्य जखमी शिपायाला द्रव्य देई. पण ज्या कचेरीत ते द्रव्य मोजून घ्यावयाचे, तिची पायरी त्याच्यासाठी सखल करावी, ही कल्पना त्या काळी जगात कोठेच कोणाला सुचली नव्हती. मदत माणसाला करावयाची, इमारतीला नव्हे, असाच सार्वत्रिक समज होता.

वस्तुतः उतार बांधण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. पुण्याच्या पर्वतीवर जाणाऱ्या १०३ पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्या इतक्या रुंद आणि उतरत्या आहेत की त्यांवरून हत्तीही वर जात असत, असे पुणेकर सांगत आले. हत्तीसाठी पायरी मवाळ करता येत होती. मनुष्यासाठी ती मवाळ करावी, असे वाटावयास मात्र फार काळ जावा लागला.

चाकाची आणि चढाची खरी गाठ पडली ती घाटात. कोकणातून देशावर येणारा माल शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून येत असे. गाडीचे चाक घाट चढू शकत नसे. १८३० साली खंडाळ्याच्या घाटातील रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि मुंबई-पुणे यांच्यामध्ये प्रथमच चाक अखंड फिरू लागले. त्यानंतर १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर आली. या घाटाला भोरघाट म्हणत असले तरी भोर गावाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीत असूनही एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. त्या घाटात रेल्वेच्या एंजिनियरांनी ३७ फुटांच्या वाटेस १ फूट याहून अधिक चढ येऊ दिला नाही. डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल उभारले, हजारो मजुरांनी त्या कामी प्राण वेचले. पण चाकाला झेपेल एवढाच चढ ठेवला. चाकाला पायरी चढता येत नाही, त्याला उतारच पाहिजे, हे व्यवहारातील ज्ञान महाराष्ट्राला तेव्हापासून पुरते अवगत होते. अख्खा सह्याद्री चाकासाठी वाकविणारे हेच युग कचेरीच्या तीन पायऱ्या मात्र वाकवू शकले नाही. याचे कारण विद्येचा अभाव हे नव्हे. त्या दाराशी चाकावर बसून येणारा मनुष्य कोणाच्या नजरेपुढेच नव्हता, हे खरे कारण होय.

याच एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक वास्तू हा नवाच प्रकार अस्तित्वात आला. पूर्वी गावात देऊळ आणि चावडी होती. आता मामलेदाराची कचेरी, दिवाणी न्यायालय, सरकारी शाळा, टपालघर, दवाखाना आणि स्टेशन अशी मालिका सुरू झाली. ब्रिटिश मुलखाचे पाहून संस्थानांनीही आपापल्या हद्दीत त्याच धर्तीच्या इमारती उठविल्या. भोरचे संस्थान पंतसचिवांचे. शंकराजी नारायण यांच्याकडे राजाराम महाराजांच्या काळी सचिवपद आले आणि त्यांच्या घराण्यात हा मुलूख १९४८ पर्यंत चालला. दगडी जोते, समोर रुंद पायऱ्या, वर खांबांची पडवी आणि मधोमध उंच दरवाजा, हे त्या काळच्या सरकारी इमारतीचे ठरलेले रूप. सरकार उंचावर आणि रयत खाली, हा भाव त्या पायऱ्यांनी शब्दावाचून सांगितला.

आता प्रश्न असा उत्पन्न झाला की, या वास्तू सार्वजनिक म्हणावयाच्या त्या कोणत्या अर्थाने? त्यांवर खर्च होणारा पैसा सर्वांच्या करातून येतो, मग त्यांत शिरण्याचा अधिकार सर्वांना आहे की नाही? हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम उभा राहिला तो अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या संबंधात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. भोर हे संस्थान असल्याने मुंबई कौन्सिलाची सत्ता तेथे चालत नव्हती. पण भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड लागते, आणि त्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ येऊ लागला. आणि त्याबद्दल त्यांच्या अनुयायांना मार खावा लागला.

येथे विवेक ठेवून बोलले पाहिजे. अस्पृश्याला अडविणारी भिंत द्वेषाने उभारलेली होती. पांगळ्याला अडविणारी पायरी ही अनवधानाने राहिली. या दोन अन्यायांची जात एक नव्हे आणि त्यांना एका मापाने मोजणेही योग्य नाही. परंतु महाडने जो सिद्धान्त महाराष्ट्राला शिकविला तो दोहोंनाही लागू पडतो. तो असा की, एखादी जागा सर्वांची आहे असे ठरावात लिहिल्याने ती सर्वांची होत नाही. ज्याला आजवर तेथे जाता आले नाही तो तेथे प्रत्यक्ष जाऊन पोहोचला म्हणजेच ती सर्वांची होते. पुढे अपंगांच्या हक्कांचा जो कायदा झाला, त्याची सारी धडपड हे अंतर तोडण्याचीच आहे.

अपंग मनुष्य समाजाच्या नजरेपुढे आला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून तरुण फौजेत गेले आणि त्यांपैकी कित्येक हातपाय गमावून परतले. त्यांना पोटापाण्याचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले आणि १९२२ मध्ये ते पुण्याजवळ खडकीस आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये मुंबईत हाजीअली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. या सर्व संस्थांचा रोख मनुष्याला सुधारण्याकडे होता. पाय गेला तर जयपूरचा वा पुण्याचा पाय लावावा, हात गेला तर दुसरे कसब शिकवावे, हा विचार थोर होता आणि त्याने असंख्यांचे संसार सावरले. पण ज्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली त्यांना कोणताही कृत्रिम पाय चालवू शकत नव्हता. त्यांच्यासाठी चाकाचीच खुर्ची हवी होती.

ही खुर्चीही त्याच काळात बदलत होती. जुन्या खुर्च्या लाकडाच्या वा वेताच्या, अवजड, दुसऱ्याने ढकलावयाच्या. १९३३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाणीतील अपघाताने अपंग झालेल्या गृहस्थाने आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज या एंजिनियराने पोलादी नळ्यांची, घडी करून मोटारीत ठेवता येणारी हलकी खुर्ची सिद्ध केली. वरवर पाहता हा लहानसा शोध. पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. पालखी खांद्यावर अवलंबून असते. ही खुर्ची बसणाऱ्याच्या स्वतःच्या हातांनी चालते. मनुष्य प्रथमच स्वतःच्या बळावर घराबाहेर पडला, आणि बाहेर पडताच पहिल्या पायरीपाशी अडला. तोपर्यंत पायरी हा कोणाचाच प्रश्न नव्हता. आता तो प्रश्न झाला.

आपल्या प्राचीनांना ही गोष्ट अगदीच अपरिचित नव्हती, असे म्हणता येईल. सूर्याचा सारथी अरुण हा मांड्यावाचून जन्मलेला, म्हणून त्याला अनूरु म्हणतात. त्याला चालता येत नाही. पण रथ मिळताच तो रोज साऱ्या आकाशातून जातो आणि त्याच्या मागून दिवस उजाडतो. उणीव अरुणाच्या अंगी होती, तरी त्याच्या मार्गात पायरी नव्हती, म्हणूनच हे कार्य त्याच्याकडून होऊ शकले.

महाराष्ट्रातही असा एक अरुण निघाला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे फौजेत होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कण्याला इजा झाली. त्यांनी पोहण्याचा ध्यास घेतला. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. या सामन्यांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाण्यात पायऱ्या नसतात, ही गोष्ट त्यांच्या विजयाकडे पाहताना सहज मनात येते. १९७४ मध्ये खडकीलाच कण्याच्या इजेने अपंग झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र निघाले आणि चाकाच्या खुर्चीतील माणसे एकत्र राहून, खेळून, काम करून स्वावलंबी जीवन जगू शकतात, हे पुण्याने पाहिले.

युद्धाइतकाच मोठा घाला पोलिओने घातला. खेड्यापाड्यांतील हजारो मुले त्याने पांगळी केली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण त्यापूर्वी ज्यांना तो रोग झाला ते आज प्रौढ वा वृद्ध आहेत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांच्यापुढे तशाच उभ्या आहेत.

नागरी जीवनात हा प्रश्न प्रथम ज्यांनी स्वतःच्या जगण्यातून मांडला त्यांत कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९५० साली जन्मलेल्या नसीमाताईंचे पाय वयाच्या सोळाव्या वर्षी गेले. शिकून त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी धरली आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. मुलांसाठी वसतिगृह, शाळा आणि पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग, असा तिचा विस्तार झाला. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ असे आहे, आणि तो शब्द मराठीत रुळण्यास त्या पुस्तकाचे मोठे साहाय्य झाले.

सरकारी कायदा या सर्वांच्या मागून आला. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. भारताच्या संसदेने १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा केला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. सार्वजनिक इमारतींत, रुग्णालयांत आणि आरोग्यकेंद्रांत उतार बांधावेत, खुर्ची आत नेता येईल अशी शौचालये असावीत, असे त्यात प्रथमच नमूद झाले. पण त्यात एक पळवाट होती. सरकारच्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेत, अशी अट त्याला जोडलेली होती, आणि अशी अट असली म्हणजे शक्ती नेहमीच अपुरी पडते, हा जगाचा अनुभव आहे.

२००१ साली थोर शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले तेव्हा दिल्लीच्या कुतुबमिनारासारख्या पुरातन वास्तूंपाशी लाकडी उतार घालण्यात आले. हे योग्यच झाले. पण पाहुण्यासाठी चार दिवसांत जे होते ते घरच्यांसाठी पन्नास वर्षांत का झाले नाही, असा प्रश्न अपंग नागरिकांनी विचारला, त्यालाही उत्तर नव्हते. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर उतारांची सोय करण्यास फर्माविले. खेड्यात मतदान बहुधा शाळेत होते. त्यामुळे मतदाराच्या निमित्ताने शाळेला उतार आला आणि निवडणूक संपल्यावर तो मुलांच्या उपयोगी पडला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तर प्रत्येक शाळेत अडथळ्यावाचून प्रवेश असलाच पाहिजे, असे ठरवून टाकले. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे दिसणारा लोखंडी कठड्याचा उतार हा या घडामोडींतून आलेला आहे. उत्रोलीसारख्या गावात या सर्व राष्ट्रीय इतिहासाचे दृश्य स्वरूप म्हणजे सिमेंटची ती चार-पाच मीटरांची पट्टी होय.

२००६ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार झाला आणि पुढील वर्षी भारताने तो मान्य केला. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. २०१६च्या डिसेंबरात नवा कायदा संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वी अपंगत्वाचे ७ प्रकार मानीत. आता ते २१ झाले. नियमांत बसत नसेल तर नव्या इमारतीच्या नकाशास मंजुरीच देऊ नये आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून ५ वर्षांत सुगम कराव्यात, असा त्याचा दंडक. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. पायऱ्या मात्र अनेक ठिकाणी तशाच राहिल्या. महाराष्ट्राने २०२२च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते निर्माण केले.  पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या नियमातील एका कलमावर बोट ठेवले. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम केवळ शिफारशीची, हे विसंगत आहे, असे म्हणून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विरोधी ठरविला आणि किमान सक्तीचे निकष वेगळे काढण्यास सांगितले.

पांगळा, अपंग, दिव्यांग अशी नावेही या काळात बदलत गेली. नाव बदलल्याने मान वाढतो हे खरे; पण नाव कोणतेही असले तरी पायरीची उंची तेवढीच राहते.

आता हा उतार म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे, कारण येथेच सद्‌हेतूची फसगत होते. मान्य प्रमाण असे की, १ भाग उंचीस १२ भाग लांबी असावी. मावळातील शाळेचे वा कचेरीचे जोते साधारण तीन पायऱ्यांचे, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच धरले तर उताराची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर भरली पाहिजे. पण पुष्कळदा जागा वाचवावी म्हणून तो दीड मीटरात उरकतात. तेव्हा चढ तीन-साडेतीनास एक एवढा खडा होतो. त्यावरून खुर्ची वर जात नाही आणि खाली येताना आवरत नाही. असा उतार कागदावर नोंदला जातो, फोटोत दिसतो आणि उपयोगाला येत नाही. लांबी ९ मीटरांहून अधिक होत असेल तर मध्ये विसाव्याची सपाट जागा हवी, दोन्ही बाजूंस कठडे हवेत. दार ९० सेंटिमीटर रुंद हवे आणि आत खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. नाहीतर मनुष्य उतार चढून दारापाशी जातो आणि दारात अडतो.

मावळासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. येथील पावसात गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरते आणि उतार हा घसरगुंडी बनतो. म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवावा, वरून पागोळी पडू नये म्हणून छप्पर पुढे काढावे आणि पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून चर खणावा. ज्या पावसासाठी पूर्वजांनी जोते उंच केले, तो पाऊस आजही पडतोच आहे. त्याला विसरून केलेला उतार फार दिवस टिकणार नाही. गवंड्याला हे सांगितले तर त्याला समजते, कारण बैलगाडी गोठ्यात चढविण्यासाठी किती उतार लागतो, हे त्याच्या आजोबालाही ठाऊक होते.

हा सारा खटाटोप मूठभर लोकांसाठी, असे कोणी म्हणेल. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी हालचालीचे अपंगत्व असणारे ५४ लाखांहून अधिक होते. महाराष्ट्रातील एकूण आकडा २९ लाखांवर गेला. आणि देशातील अपंगांपैकी शेकडा ६९ खेड्यांत राहणारे होते. प्रश्न शहरातला आणि सोय शहरातली, हा समज या एका आकड्याने खोटा ठरतो. शिवाय उतारावरून केवळ खुर्चीच जाते असे नाही. गुडघे धरलेली म्हातारी, दिवस भरलेली लेकुरवाळी, मोडलेल्या पायाचा शेतकरी आणि धान्याचे पोते ढकलणारा हमाल, हे सर्व त्याच वाटेने जातात. पायरी काहींनाच चढता येते. उतार सर्वांना चढता येतो. आणि दीर्घायुषी होण्याची इच्छा धरणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पायऱ्या जड होणारच आहेत.

अलीकडे दुसरा एक मार्ग सुचविला जातो. मनुष्याला कचेरीत आणण्यापेक्षा कचेरीच त्याच्या घरी न्यावी. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी बसून मत देण्याची मुभा मिळाली. ही सोय उपकारक आहे, यात संशय नाही. पण सर्वच कामे अशी घरपोच करून दाराची पायरी तशीच ठेवावयाची, हा मार्ग पत्करला तर एक हानी होईल. शिधा घरी येईल, मत घरून जाईल, पैसे घरी मिळतील. पण ग्रामसभा घरी कशी येणार? तेथे गावातील प्रत्येक मतदार सभासद असतो. रस्त्याचा, पाण्याचा, शाळेचा प्रश्न तेथे निघतो. तेथे हजर असणे हाच अधिकार आहे आणि तो कोणालाही घरपोच देता येत नाही. ज्या सभेत खुर्चीवरचा मनुष्य पोहोचू शकत नाही, त्या सभेत उताराचा प्रश्न निघणारही नाही. आणि उतार नाही म्हणून तो पोहोचणार नाही. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे, आणि ते तोडण्याचे साधन गावाच्या हाती आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा ५ भाग अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असा राज्याचा दंडक आहे. त्यातून पाच-सहा मीटरांचा एक नीट उतार आणि एक रुंद दार होणे अशक्य नाही.

भोरचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या दिवसापासून तेथील कचेरी राजाची राहिली नाही, ती रयतेची झाली. मालकी बदलली, पण पायऱ्या राजाच्या काळच्याच राहिल्या. त्यांच्या शेजारी मापात बसणारा उतार जेव्हा बांधला जाईल आणि त्यावरून उत्रोलीचा एखादा शेतकरी स्वतःच्या हातांनी चाके फिरवीत, कोणाच्या खांद्याचा आधार न घेता, आपला सातबारा मागण्यास आत जाईल, तेव्हा त्या विलीनीकरणाचे राहिलेले काम पुरे होईल.